निसर्गाचे माप बदलत नाही

ब्रिटनमध्ये घरामागच्या बागेत एक लाकडी शेड असते. गवत कापायचे यंत्र, कुदळ-फावडी, रंगाचे अर्धे उरलेले डबे ठेवण्यासाठी ती उभारलेली असते. पण कित्येक घरांत या वस्तू कोपऱ्यात सरकतात आणि चारही भिंतींच्या कडेने फळ्या ठोकून त्यांवर छोटी रेल्वे धावू लागते. अशा शेडचे नेहमीचे माप आठ फूट बाय सहा फूट, म्हणजे लांबी जेमतेम २.४४ मीटर. तिथे सर्वांत लोकप्रिय असलेले माप म्हणजे 'ओओ': मूळ गाडीच्या ७६व्या हिश्शाएवढी प्रतिकृती आणि १६.५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग. या प्रमाणात ब्रिटिश रेल्वेचा एक जुना प्रवासी डबा सुमारे २६ सेंटिमीटर भरतो. 'फ्लाइंग स्कॉट्समन'सारखे इंजिन आणि त्यामागे दहा डबे लावले, की गाडी २.९ मीटरच्या आसपास जाते. शेडपेक्षा गाडीच लांब! मग इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्याचा पाठलाग करत गोल फिरते आणि मालकाची नजर भिंतीकडे वळते.

भिंतीला भोक पाडायचे, रूळ बागेत न्यायचे, कुंपणाच्या कडेने फिरवून पुन्हा शेडमध्ये आणायचे, असा हा 'लूप'चा बेत. त्याचा मोह समजण्यासारखा आहे. ओओ प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे अवघे १३ मीटर. बागेत २० मीटरचा फेरा मिळाला तरी गाडीला दीड किलोमीटरची मोकळी धाव मिळते आणि आठ-दहा डब्यांची गाडी एका नजरेत सलग जाताना दिसते. शेडमध्ये हे सुख कधीच मिळत नाही. तरीही असे कित्येक फेरे एक-दोन हिवाळ्यांत निकामी होतात. त्याचे कारण कारागिरीत कमी आणि समजुतीत जास्त सापडते. शेडमधली रेल्वेच आणखी थोडी लांब करायची आहे, असे धरून काम सुरू होते. प्रत्यक्षात उंबरठा ओलांडताच ते वेगळ्या जातीचे काम बनते.

बागेतली रेल्वे ही काही नवी टूम नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीची मोठ्या मापाची इंजिने ऐपतदारांच्या बागांतून धावत होती. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये ३२ मिलिमीटरच्या 'ओ' मापाच्या गाड्या बाजारात आणल्या आणि १९३८ मध्ये त्याच्या निम्म्या मापाची 'हॉर्नबी डब्लो' आणली. ही धाकटी गाडी जेवणाच्या टेबलावर मावावी, लहान घरातल्या मुलालाही रेल्वे मिळावी, अशा हिशेबाने तिचे माप ठरले होते. म्हणजे ओओ गाडी जन्मानेच घरातली आहे. तिला बाहेर न्यायचे, तर तिच्या घडणीत गृहीत धरलेले छप्पर आपल्याला दुसऱ्या कुठल्या तरी रूपात द्यावे लागते.

यातली खरी अडचण साध्या गणिताची आहे. लांबी ७६ पट कमी केली, की पृष्ठभाग ७६ गुणिले ७६, म्हणजे ५,७७६ पट घटतो आणि वजन तिसऱ्या घाताने, जवळजवळ ४ लाख ३९ हजार पट घटते. ३३ टनांचा डबा या हिशेबाने ७५ ग्रॅमचा होतो. उत्पादक त्याला थोडा जड करून सव्वाशे-दीडशे ग्रॅमवर नेतात. पण वारा पृष्ठभागावर आदळतो आणि त्याला विरोध वजन करते. त्यामुळे ज्या वाऱ्याची खऱ्या गाडीला दखलही घ्यावी लागत नाही, तो या डब्याला आडवे करू शकतो. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब या जगात १५ सेंटिमीटरचा गोळा होऊन पडतो. आठ सेंटिमीटरचे पान सहा मीटरच्या ओंडक्यासारखे रुळांवर आडवे येते. पानगळीच्या दिवसांत ब्रिटनच्या खऱ्या गाड्यांचीही चाके चेपलेल्या पानांच्या थरावरून घसरतात. मग या चिमुकल्या इंजिनाची काय कथा! आपण गाडी लहान केली, ऊन-वारा-पाऊस पूर्ण मापाचेच राहिले.

उन्हाचा मुद्दा अधिक खोलात पाहायला हवा, कारण बहुतेक फेरे तिथेच बिघडतात. या छंदातले चांगले रूळ 'निकेल सिल्व्हर'चे असतात. नावात चांदी असली तरी तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. बागेतल्या रुळाचे तापमान हिवाळ्यात उणे पाच अंशांवर उतरते आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी ४५ अंशांवर सहज चढते. या ५० अंशांच्या फरकाने १० मीटरचा रूळ सुमारे ८ मिलिमीटरने लांबतो-आखडतो. खऱ्या रेल्वेतही रूळ तापून वाढतात. तिथे ब्रिटनमध्ये सलग जोडलेला रूळ २७ अंश तापमानाला ताणरहित राहील अशा बेताने बसवतात आणि उरलेला जोर अडीच-तीन क्विंटलचे काँक्रीटचे स्लीपर व त्यांभोवती ठासून भरलेली खडी पेलते. छोट्या रेल्वेत रूळ वाढण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच, पण त्याला दाबून धरणारे वजन मात्र नाहीसे झालेले. म्हणून रूळ गच्च ठोकला, की पहिल्याच कडक उन्हात तो सापासारखा वळतो आणि प्लास्टिकच्या स्लीपरमधून निसटतो.

यावर उपाय जुनाच आहे: सांध्यात फट ठेवायची. बाजारात मिळणारा लवचिक रुळाचा तुकडा एक यार्डाचा, म्हणजे ९१४ मिलिमीटरचा असतो. एवढ्या तुकड्याला टोकाच्या थंडीपासून टोकाच्या उन्हापर्यंत पाऊण मिलिमीटरची मोकळीक लागते. थंडीत रूळ टाकत असाल तर फट पूर्ण ठेवा, मध्यम हवेत निम्मी ठेवा, तापलेल्या दुपारी जवळजवळ ठेवूच नका. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि स्लीपरच्या भोकात थोडे सैल बसू द्यावेत, म्हणजे रूळ जागेवर राहूनही श्वास घेऊ शकेल. रुळाची उंचीही पाहावी. दिसायला नाजूक असा कमी उंचीचा रूळ शेडमध्ये शोभतो. बाहेर अडीच मिलिमीटर उंचीचा, 'कोड १००' म्हणून ओळखला जाणारा दणकट रूळ बरा.

रुळाखाली काय घालायचे, हा पुढचा प्रश्न. शेडमधले मार्ग साधारण कमरेच्या उंचीवर असतात, तेव्हा बाहेरचा फेराही त्याच उंचीवर खांबांवर चालवावा लागतो. हे सोयीचेच आहे: गुडघे वाचतात, कुत्र्या-मांजरांची वाट वेगळी राहते आणि गोगलगायींना रुळांपर्यंत पोचायला वेळ लागतो. गोगलगायीचा चिकट माग रुळावर वाळला, की विजेचा संपर्क तुटतो; बागेतल्या रेल्वेला हा उपद्रव खराच आहे. खांब निदान दोन फूट खोल पुरावेत, नाहीतर थंडीत गोठून फुगणारी माती त्यांना वर ढकलते. वरच्या फळीसाठी मरीन प्लायवूड घ्यावे, त्याच्या कडा रंगाने बंद कराव्यात आणि वर छपराला वापरतात तो डांबरी फेल्ट ताणून बसवावा. त्याचा खरखरीत करडा पृष्ठभाग लांबून खडीसारखा दिसतो, हा वरचा फायदा. एमडीएफ आणि भुशाच्या दाबीव फळ्या मात्र पाणी पिऊन फुगतात. त्यांना शेडचा उंबरठा ओलांडू देऊ नये. पुनर्वापरातल्या प्लास्टिकच्या फळ्या कुजत नाहीत म्हणून हल्ली पुष्कळांच्या आवडीच्या झाल्या आहेत. पण त्या रुळापेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावतात, तेव्हा त्यांवर रूळ आणखी मोकळा ठेवावा लागतो.

बाग डोळ्यांना सपाट दिसते, पण तशी नसते. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी इथे सर्वांत भरवशाची. खांबांच्या उंचीत फरक पडला तरी चालेल, रुळाच्या पातळीत पडता कामा नये. चढ द्यायचाच असेल तर मीटरमागे एक सेंटिमीटर, म्हणजे १०० ला १, याहून कडक देऊ नये. बोरघाटात ३७ ला १ चढावर खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे मुंबई-पुणे प्रवाशांना सांगायला नको. वळणांच्या बाबतीतही हात सैल सोडावा. खेळण्यांच्या संचातले ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण शेडमध्ये नाइलाजाने चालवून घेतात. बाहेर जागा असताना ९० सेंटिमीटरच्या खाली येऊ नये. वळण जितके मोकळे तितके चाकांचे घर्षण कमी आणि लांब गाडी आतल्या बाजूला ओढली जाऊन पडण्याची भीतीही कमी.

भिंतीतले भोक हा या कामातला सर्वांत कमी विचार केला जाणारा भाग. लाकडी शेड पावसाळी हवेत फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. बाहेरचे खांब मातीच्या मर्जीने हलतात. दोघांना एकाच सलग रुळाने बांधले, तर सगळा ताण भिंतीपाशी साठतो आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. म्हणून भिंतीलगत हातभर लांबीचा, काढता-घालता येणारा पुलासारखा तुकडा ठेवावा आणि दोन्ही टोकांना तो खुंटी बसवून दरवेळी त्याच जागी बसेल असा करावा. भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, वर लहानशी झडप हवी. झडपेने पाऊस, उंदीर आणि कोळी अडतात, पण ती बंद असताना कुणी गाडी सोडली तर? झडप पूर्ण उघडल्याशिवाय बाहेरच्या रुळाला वीज मिळणार नाही, असे एक साधे बटण तिच्या बिजागरीपाशी बसवले, की हा प्रश्न मिटतो. खऱ्या रेल्वेत सिग्नल आणि मार्ग बदलणारे सांधे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामागेही हेच तत्त्व असते.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच कळायला हव्यात. पहिली म्हणजे निकेल सिल्व्हर हा विजेचा चांगला वाहक नव्हे. तांब्यापेक्षा त्याचा विरोध पंधरा-सोळा पट आहे. शेडमधून रुळाच्या एका टोकाला वीज देऊन ती फेऱ्याच्या पार पलीकडे तशीच पोचेल, ही आशा व्यर्थ. गाडी लांबच्या वळणावर मंदावते आणि शेडजवळ येताच सुसाट सुटते. फळीखालून तांब्याची जाड तार फिरवावी आणि प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून बारीक तारा झाळून जोडाव्यात. सांध्यातल्या फिशप्लेटवर वीज वाहण्याची जबाबदारी टाकू नये. ओलाव्याने ती आतून काळी पडते.

दुसरी गोष्ट फेऱ्याच्या आकाराची. रूळ एका भोकातून बाहेर पडून दुसऱ्या भोकातून आत आला आणि आतल्या मार्गाशी जुळून पूर्ण वर्तुळ झाले, तर काही बिघडत नाही. पण एकाच मार्गावरून बाहेर जाऊन, फुग्यासारखा फेरा घेऊन गाडी त्याच मार्गावर उलट्या तोंडाने परत आली, तर डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. अशा फेऱ्याचा गाडीपेक्षा लांब असा भाग दोन्ही टोकांना तोडून वेगळा करावा लागतो आणि गाडी त्यात असताना ध्रुव बदलणारा स्विच किंवा डिजिटल यंत्रणेतले आपोआप बदल करणारे उपकरण लावावे लागते. भोक पाडण्याआधी कागदावर दोन रंगांनी दोन रूळ काढून पाहिले, तर हे पाच मिनिटांत उमगते. घरगुती विजेबद्दल तर तडजोडच नको. शेडमधली वायरिंग जाणत्या वीजतंत्र्याकडून करून घ्यावी, गळती होताच तोडणारे संरक्षण बसवावे आणि बागेत केवळ रुळाला लागणारा कमी दाबाचा प्रवाहच जावा.

या साऱ्यातून एक नियम निघतो आणि आमच्या मते तोच या कामाचा कणा आहे. जे हलते, ज्यात गुंडाळी किंवा स्प्रिंग आहे, ज्याला बारीक समायोजन लागते, ते सर्व शेडमध्ये राहावे. मार्ग बदलणारे सांधे, त्यांच्या मोटरी, सिग्नल, स्टेशन, गाड्या उभ्या करण्याचे यार्ड हे छपराखाली. बाहेर फक्त साधा, न फुटणारा मार्ग. बागेत असा सांधा बसवला, की त्याच्या जिभेत एक खडा अडकायला पुरतो. ज्याला 'मुद्दाम बाहेर न नेणे' जमते, त्याचाच बाहेरचा फेरा टिकतो.

छोटी गाडी उघड्यावर लांब पळवण्याचे दोन जाहीर प्रयोग याला साक्षी आहेत. दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध निवेदक जेम्स मे यांनी २००९ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बार्नस्टेपल ते बिडफर्ड या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सुमारे १६ किलोमीटर ओओ रूळ टाकून गाडी नेण्याचा घाट घातला. काही ठिकाणी मोडतोड झाली, रूळ पळवले गेले, आणि इंजिने मुक्कामाला पोचण्याआधीच थकली. २०११ च्या दुसऱ्या प्रयत्नात ते साधले. पुढे स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम ते इनव्हरनेस असा ७१ मैलांचा छोटा मार्ग स्वयंसेवकांनी टाकला आणि २०१८ मध्ये त्याची मालिका चॅनल फोरवर दिसली. तिथले 'सिल्व्हर लेडी' हे इंजिन खऱ्या वाफेवर चालणारे होते, ३२ मिलिमीटरच्या मार्गाचे. रूळ प्लास्टिकचे होते, कारण त्यांतून वीज न्यायचीच नव्हती. एक शत्रू आधीच वगळला की अंतर किती वाढते, हे या दोन प्रयोगांच्या तुलनेत दिसते.

म्हणूनच, ज्यांनी अजून काहीच विकत घेतलेले नाही त्यांनी आधी मापाचा विचार करावा. जर्मनीतल्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये ४५ मिलिमीटर मार्गाची, बागेसाठीच घडवलेली रेल्वे आणली. तिचे स्लीपर ऊन सोसणारे, इंजिने जड आणि चाके रुंद. ज्यांना खरी वाफ हवी, त्यांच्यासाठी एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण आहे. त्यात दोन फुटी मार्ग बरोबर ३२ मिलिमीटरचा होतो. मराठी वाचकाने इथे कान टवकारावेत, कारण १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी याच दोन फुटी मार्गाची आहे. माथेरानची राणी बागेत आणायची तर हेच तिचे नैसर्गिक माप. बॅटरी आणि रेडिओवर चालणारे इंजिन हा आणखी एक मार्ग. त्यात रूळ पुसण्याचे काम जवळजवळ संपते, मात्र बॅटरीला जागा लागते आणि ती ओओ इंजिनात फार नसते.

आपल्याकडे या छंदाची उत्तम उदाहरणे छपराखालीच आहेत. पुण्यात कोथरूडमधले भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून पाहायला मिळते. १ ला ८७ प्रमाणातले ते शहर कित्येक मुलांनी नाक काचेला लावून पाहिले असेल. ते बंद दालनात आहे, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानायला हरकत नाही. कोकणात अंगण आहे किंवा पुण्या-नाशकात गच्ची आहे म्हणून कुणी फेरा बाहेर काढू पाहत असेल, तर ब्रिटनमधले सल्ले त्याने जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्याकडे रूळ गोठत नाही, पण वैशाखात गच्चीवर हात लावू देत नाही. आपल्याकडे रिमझिम वर्षभर नसते, पण चार महिने कोसळधार असते आणि त्याआधी वळवाचा धुरळा. खऱ्या कोकण रेल्वेलाही पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावावे लागते. आपल्या हवेला शोभणारा फेरा काढता-घालता येणाऱ्या तुकड्यांचा असावा: दसऱ्याला मांडावा, होळीनंतर उतरवून माळ्यावर ठेवावा. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. हवामान ओळखून माघार घेणे हाही रेल्वे चालवण्याचाच भाग आहे.

एवढा उपद्व्याप एका खेळण्यासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहेच. शेडमधल्या रेल्वेत बारकाईचे, रंगकामाचे, देखाव्याचे समाधान मिळते आणि ज्याला तेच हवे आहे त्याने भिंतीला हात लावू नये. बाहेरचा फेरा वेगळ्या वृत्तीच्या माणसासाठी आहे. त्याला रविवारी सकाळी रूळ पुसणे, सांध्यांतल्या फटी तपासणे, एखादा खचलेला खांब पाचरीने उचलणे यांत गोडी वाटायला हवी. मुंबईकर ज्या मेगाब्लॉकला नावे ठेवतात, त्याची गरज त्याला आपल्याच बागेत कळते. गाडी चालते ती इंजिनामुळे, पण ती चालत राहते रुळावरून रोज चालत जाणाऱ्या ट्रॅकमनमुळे, हे त्याला पाठांतर न करता उमगते.

तेव्हा सुरुवात लहान करावी. कायमचे खांब पुरण्याआधी चार-पाच मीटरचा एक तुकडा तात्पुरत्या आधारावर टाकून वर्षभर ऊन-पावसात ठेवावा आणि कोणता सांधा काळा पडतो, कोणती फळी वाकते, पाणी कुठे साचते याची वही ठेवावी. वर्षाअखेर ती वही कुठल्याही हौशी पुस्तकापेक्षा खरा सल्ला देईल. आणि फेरा किती लांब करायचा, हे बागेच्या मापावरून ठरवू नये. दर आठवड्याला जेवढा रूळ न कंटाळता पुसून होईल, तेवढाच फेरा आपला.